टाकीच्या वळणावरची घंटी

३ मार्च

भिंगरी,

फोनवर हे बोलता येत नाही म्हणून लिहितेय. फोन तुझ्या सायकलींच्या दुकानात, नानांची खुर्ची तिथून दोन हातांवर, आणि नानांना बाकी काही आठवत नसलं तरी ऐकू सगळं येतं. तेव्हा पत्र. माझ्या अक्षराला हसू नकोस, दिवसभर कात्री धरून बोटं अशीच वाकडी झालीत.

परवा मी डॉक्टरांना परस्पर फोन केला. ते म्हणाले, "तुमचे वडील अजून एकटे सायकलवर फिरतात, हे तुम्हाला माहीत असेलच." मी म्हटलं, हो, माहीत आहे. मला काडीचंही माहीत नव्हतं. गेल्या थंडीत ती सायकल तू आढ्याला टांगून ठेवलीस असं तूच मला सांगितलं होतंस, आणि मी बावळटासारखा विश्वास ठेवला.

अगं, आधी किल्ल्या हरवायला लागले. मग शेजाऱ्यांची नावं गेली. मग आई गेल्याचं विसरले, ते आपण त्यांना पुन्हा पुन्हा सांगत राहिलो आणि प्रत्येक वेळी ते नव्याने रडले, म्हणून शेवटी सांगायचं सोडून दिलं. अशा माणसाला तू सकाळी टोपी घालून सायकलवर बसवतेस आणि मागून हात हलवतेस?

आता नीट वाच. आमच्या शिवणाच्या कारखान्यापासून दोन गल्ल्या सोडून एक निवास आहे. मी आत जाऊन बघून आले. तळमजल्यावरची खोली, खिडकीबाहेर बाग, बाहेरच्या फाटकाला कायम कुलूप. तिथल्या बाई समजूतदार वाटल्या. मेमध्ये एक जागा रिकामी होतेय, ती त्यांनी माझ्यासाठी धरून ठेवलीय. मी रोज कामावरून येताना त्यांना भेटीन. तुलाही जरा श्वास घेता येईल.

मी स्वतःच आले असते समजवायला, पण शाळांचे गणवेश शिवायचे दिवस आहेत. मान वर करायला फुरसत नाही. विचार करून लिही. चिडून लिहू नकोस.

ताई


११ मार्च

ताई,

चिडूनच लिहितेय, पण दोन दिवस थांबून, म्हणजे तुझं अर्धं ऐकलं.

निवास काय म्हणतेस, वृद्धाश्रम म्हण की सरळ. आणि फाटकाला कुलूप असल्याचं इतकं कौतुक तर तुरुंगाचंही कुणी करत नाही.

सायकल टांगली होती, हे खरं. आठ दिवस टांगली. त्या आठ दिवसांत नाना खुर्चीत बसून आढ्याकडे बघत होते. जेवायला उठत नव्हते. मग मी शिडी लावली आणि ती खाली काढली. हे तुला सांगितलं नाही, कारण तू हेच बोलली असतीस जे आता बोलतेयस.

तू कितीतरी वर्षांत ह्या वाटेवर चाकं फिरवली नाहीस, म्हणून तुला आठवण करून देते. तळ्याभोवती जुन्या आगगाडीचे रूळ काढून जी खडीची वाट केली, ती एकच आहे. तिच्यावर मोटार येत नाही, आपल्या दारापाशी आणि पलीकडच्या धक्क्यापाशी खांब रोवलेत. खाणीकडे जाणारा एक फाटा होता, त्याला नानांनीच मुकादम असताना फाटक बसवलं. आता ना उजवीकडे वळायला काही, ना डावीकडे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर. माणूस इथून निघाला की लाकडी पूल, मग बोगदा, मग धक्का, मग पाइनची झाडं, आणि पुन्हा इथेच. हरवायचं म्हटलं तरी हरवता येत नाही. जगात नानांसाठी अशी दुसरी जागा दाखव, मी आत्ता सामान बांधते.

आणि ही खडी त्यांनीच तर टाकलीय. तीस वर्षं ते फावडं आणि दंताळं घेऊन ह्याच वाटेवर होते. कुठे पाणी साचतं, कुठे चाक सरकतं, हे त्यांच्या डोक्याला आठवावं लागत नाही, पायांना ठाऊक आहे. सायकलवरून उतरले की म्हातारे होतात, चढले की पुन्हा मुकादम. काल परत येऊन मला म्हणाले, "पुलापाशी कच बसलीय, दोन पाट्या टाकायला हव्यात." मी जाऊन बघितलं तर खरंच बारीक खडी खाली बसून खळगा पडला होता.

धक्क्यावर नावाडीकाका असतात. नाना तिथून गेले की ते होडीवरचं फडकं हलवतात, मला दुकानातून दिसतं. आणि टाकीचं वळण आहेच. आठवतं ना? आगगाडीच्या इंजिनात पाणी भरायची ती दगडी टाकी. आपल्या घरचं कुणीही असो, वळणावर आलं की दोनदा घंटी. मग आई चुलीवर पाणी ठेवायची. आता मी ठेवते. नाना माझं नाव कधी चुकवतात, पण ती घंटी एकदाही चुकली नाही. पाण्याला उकळी येईपर्यंत फाटकाशी असतात.

त्या बाईंना सांग, आमचे वडील फिरायला गेलेत.

भिंगरी


२४ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र कारखान्यात वाचलं, जेवणाच्या सुट्टीत. कच बसल्याचं वाचून हसले आणि मग डोळे पुसायला तोंड धुवायच्या खोलीत गेले. सगळ्या जणी विचारायला लागल्या. म्हटलं, कांदा. तिथे कुणी कांदा चिरत नव्हतं.

टाकीची घंटी मी कशी विसरेन. आई भांडत असायची शेजारणीशी, हात नाचवून, आणि घंटी ऐकली की वाक्य अर्ध्यावर टाकून आत पळायची.

मी नऊ वर्षांची असताना बोगद्यात पडले होते, गुडघा फुटला होता, ते आठवतंय? तू तेव्हा कॅरिअरवर बसायचीस. नाना म्हणाले होते, खडीवर हँडल सैल धरायचं. चाक जरा डुलणारच, त्याला डुलू द्यायचं. आवळून धरलं की पडतो. मला ते कधी जमलं नाही. मी सगळंच आवळून धरते, तुझे भावजीही हेच म्हणतात.

बरं, तर सैल धरते. पण मला खरं खरं कळवत जा. कुठे धडपडतात का? बोगद्यात अंधारात घाबरत नाहीत ना? खिशात नाव आणि दुकानाचा फोन लिहिलेली चिठ्ठी ठेव. कोटाच्या आतून शिवून टाक. शिवता येत नसेल तर पाठव इकडे कोट. धाकटीला शिकवायचं राहून गेलं हो माझं.

जागेबद्दल मी अजून नाही म्हटलेलं नाही. मेपर्यंत वेळ आहे.

ताई


१९ एप्रिल

ताई,

उशीर झाला, रागावू नकोस. बाहेरची माणसं सायकली भाड्याने घ्यायला येऊ लागलीत, दिवसभर सीट वरखाली करण्यात जातो. काल एक बाई म्हणाली, चढ नसलेल्या बाजूने तळ्याला फेरी मारायचीय. म्हटलं, बाई, वाट गोल आहे.

इकडे ठीक आहे. नाना धडपडले नाहीत. चिठ्ठी शिवलीय, टाके बघायला मागू नकोस. पाय तर इतके चांगले झालेत की हल्ली ते दोन फेऱ्या मारतात. कधी तिसरीही.

फाटकाला पिवळा रंग दिला. हळदीसारखा झणझणीत. दारावर लाल दिवाही लावलाय. नावाडीकाका म्हणाले, घर आहे की होड्यांचं कार्यालय. असू दे. लांबून दिसतं.

भावजींना नमस्कार. जास्त लिहीत नाही, नाना यायची वेळ झाली, फाटकात उभी राहते.

भिंगरी


२८ एप्रिल

भिंगरी,

दोन फेऱ्या. मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. कटिंगच्या टेबलावरची ती आगाऊ पोरगी म्हणाली, "ताई, तुम्हाला जिन्याचे दोन मजले चढवत नाहीत आणि वडील तळ्याला दोन फेऱ्या मारतात?" मी म्हटलं, आमच्या पायांखाली कमी खडी आली, त्यांच्या जास्त.

तुझ्यावर मी उगाच संशय घेतला. खरं सांगू, तुझं पत्र आल्यापासून मी रात्री नीट झोपते. त्या बाईंकडे जाऊन आले परवा. म्हटलं, आमच्या वडिलांची तब्येत सुधारतेय, जागा अडवून ठेवू नका, दुसऱ्या कुणाला द्या. त्या म्हणाल्या, रांगेत एक आजी आहेत. मला बरं वाटलं, त्या आजींसाठीही.

फाटकाला पिवळा रंग कशाला पण? आईला तो हिरवा आवडायचा. जाऊ दे, तुझं घर आहे.

गणवेश अजून संपत नाहीत. पावसाआधी यायचं म्हणते.

ताई


६ मे

ताई,

तुझं पत्र वाचून मी दुकान बंद केलं आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. जागा सोडायच्या आधी मला एकदा विचारायचंस, असं म्हणणार होते. पण विचारलं असतंस तर मी काय सांगितलं असतं? ठीक आहे, असंच.

ठीक नाही.

एप्रिलच्या सुरुवातीची गोष्ट. दुपारी टाकीच्या वळणावर घंटी वाजली. एकदाच. मी दुसरीची वाट बघत किटली हातात धरून उभी राहिले. मग वाटलं, हात घसरला असेल. बाहेर आले. नाना येताना दिसले. मी फाटकाबाहेर, वाटेच्या मधोमध. त्यांनी पुन्हा एकदा वाजवली. वाटेवर अनोळखी माणूस आडवा आला तर बाजूला हो म्हणून वाजवतात, तशी. मी बाजूला झाले. त्यांनी टोपीला हात लावला आणि पुढे गेले. पुलाकडे.

वाट गोल आहे, हरवता येत नाही, हे मी तुला किती तोऱ्यात लिहिलं होतं. वाट त्यांना घरापर्यंत आणत होती, ताई. पण घर आलं हे त्यांचं त्यांना कळायला हवं होतं. ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

मला वाटलं, दुसऱ्या फेरीला थांबतील. थांबले नाहीत. मग मी भाड्याची एक सायकल काढली आणि मागे लागले. बोगद्याच्या अलीकडे गाठलं. म्हणाले, "पुढे व्हा बाई, वाट रुंद आहे." मी बरोबरीने चालवायला लागले. म्हटलं, कुठे निघालात? म्हणाले, घरी. घरी कोण असतं? तर म्हणाले, "दोन मुली आहेत. थोरली शहरात, कपडे शिवते, मोठ्या हुद्द्यावर आहे. धाकटी घरी आहे. पाणी ठेवून बसली असेल."

मी त्यांच्या शेजारीच होते. माझं कोपर त्यांच्या कोपराला लागत होतं.

म्हटलं, मग थांबत का नाही? आत्ताच तर एक घर गेलं. ते माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी काहीतरी वेड्यासारखं बोलले. म्हणाले, "ते नाही हो. घर अजून यायचंय."

म्हणून पिवळा रंग. म्हणून दिवा. रंगाने काही झालं नाही. एकदा नुसतं म्हणाले, "छान रंगवलंय कुणीतरी."

आता मी रोज असं करते. दुसऱ्या फेरीला त्यांच्याबरोबर चालवते आणि फाटकाशी आलं की म्हणते, माझं घर आलं, दमला असाल, चहा घेऊन जा. ते आधी नको म्हणतात, मग येतात. पाय कुठे पुसू विचारतात. टोपी काढून मांडीवर ठेवतात आणि पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसतात. म्हणतात, "आमच्या धाकटीच्या हातचा असाच असतो." मग डुलकी लागते. उठले की घर पुन्हा त्यांचं झालेलं असतं, मला नावाने हाक मारतात, रात्री जेवायला काय विचारतात. दुसऱ्या दिवशी सायकल काढली की पुन्हा तेच.

थांबवू तरी कसं? ते फिरायला जात नाहीयेत, घरी निघालेत.

ती जागा गेली का गं?

भिंगरी


१२ मे

भिंगरी,

जागा गेली. आजी येऊन राहिल्या, खिडकीत त्यांच्या कुंड्यासुद्धा लागल्या. बाई म्हणाल्या, थंडीच्या तोंडावर एखादी निघेल कदाचित.

तुझ्यावर रागावून दोन पानं लिहिली होती. पोस्टात टाकायला निघाले आणि जिन्यात फाडली. तू महिनाभर हे एकटीने गिळलंस आणि मी इथे जिन्याचे विनोद करत होते.

आता माझंही ऐक. गणवेशाचं काम फेब्रुवारीतच निम्म्यावर आलं होतं. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. जानेवारीत मी फोन केला होता, तू टायर आणायला गेली होतीस, तो नानांनी उचलला. पाच-सात मिनिटं बोलले. हवा, तळ्याचं पाणी, माझी तब्येत, सगळं विचारलं. फार छान बोलले. ठेवताना म्हणाले, "आठवणीने फोन केलात, बरं वाटलं." केलात. मला जन्मात कधी अहो-जाहो न केलेला माणूस.

मी स्वतःला सांगितलं, लाइन खराब होती. पण तेव्हापासून तिकडे यायची भीती बसली. इथे असले की मी त्यांची थोरली असते, शहरातली, मोठ्या हुद्द्यावरची. तिथे आले की कोण असेन? निवासातही हाच विचार होता बहुतेक. नव्या जागी माणूस ओळखत नाही, तर सगळेच म्हणतात, नवी जागा आहे.

पण तुला तर ते रोज सकाळी ओळखतात आणि दुपारी विसरतात, आणि तू तरी उभी असतेस.

जूनमध्ये येतेय. खरोखर. तुझे भावजी म्हणाले, घराकडे मी बघतो, म्हणजे परत येईन तेव्हा भांडी घासायला आठवडा लागेल. माझी ती जुनी लाल सायकल भंगारात दिलीस की आहे? असली तर हवा भर.

मी कोण म्हणून यायचं, ते तू सांग. ताई म्हणून आले तर चालेल?

ताई


२ जुलै

भिंगरी,

पोचले. भांडी आठवडाभराची नाहीत, दहा दिवसांची निघाली.

बसमध्ये सगळा वेळ बोटांना नानांच्या खांद्याचं माप लागत होतं. कोट शिवायला घेतला तेव्हा मी टेप धरून उभी, आणि ते लहान मुलासारखे हात लांब करून. म्हणाले, "शिंपीणबाई, राग मानू नका, पण माझी थोरली तुमच्यापेक्षा चांगलं शिवते." मी म्हटलं, मानत नाही. मग हळूच विचारलं, येते का ती तुम्हाला भेटायला? तू तेव्हा दुकानात होतीस, हे तुला सांगितलं नाही. म्हणाले, "कामात असते. येईल. तिला वाट माहितेय." कुठे खोच नाही, कुठे तक्रार नाही. माझे ओठ टाचण्यांनी भरले होते म्हणून बरं, नाहीतर काय बोलले असते कोण जाणे.

शेवटच्या दिवशी त्यांच्याबरोबर गेले तेव्हाचंही सांगायचं राहिलं. पुलावर लाकडं खडखडली, तळ्यावर डोंगर उलटा पडला होता, सगळं इतकं शांत की चाकाखालची खडी तेवढी बोलत होती. मी घाबरून चालवत होते, इतक्या वर्षांनी. बोगद्यात शिरलो आणि माझं पुढचं चाक सरकलं. मागून त्यांचा आवाज आला, "सैल धर. डुलू दे त्याला. आवळलंस की पडशील."

धर म्हणाले, भिंगरी. धरा नाही.

बाहेर उजेडात आलो तर पुन्हा बाई, पुन्हा अहो. मी काही मागितलं नाही. तेवढं मला पुरलं आणि पुरलंही नाही. परतीच्या बसमध्ये मी रडले, शेजारच्या माणसाने जागा बदलली.

आता व्यवहाराचं. निवासातल्या बाई म्हणतात, नोव्हेंबरात एक जागा नक्की निघेल. ह्या वेळी मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही, तू म्हणशील ते. सायकल सुटली की मग त्यांना घरी ठेवायचं कारण उरत नाही, हे तूच मागच्या रात्री भांडी विसळताना म्हणालीस. मला ते ऐकवलं नाही, पण खरं आहे. सायकल आहे तोवर असू दे.

कोटाच्या बाह्या थंडी सुरू झाली की एकदा बघ, हात वर केल्यावर आखडत नाहीत ना.

ताई


१७ ऑक्टोबर

ताई,

तुझी तीन कार्डं आली, मी एकालाही उत्तर दिलं नाही. काय लिहायचं तेच ठरत नव्हतं. बाह्या बरोबर आहेत.

सप्टेंबरच्या शेवटी नानांनी सायकल सोडली. मी काही केलं नाही. सकाळी टोपी घालून दिली, सायकल पुढे केली. त्यांनी सीटवर हात ठेवला, पुसल्यासारखा फिरवला आणि विचारलं, "कुणाची आहे?" म्हटलं, तुमचीच. म्हणाले, "चांगली ठेवलीय." आणि आत जाऊन खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी ती बाहेर काढलीच नाही. नावाडीकाका चार दिवस फडकं हलवत होते, मग येऊन विचारून गेले.

आता डुलकीनंतरही घर त्यांचं होत नाही. दिवसभर पाहुणेच असतात. जेवताना पुन्हा वाढून घेत नाहीत, संकोचतात. रात्री विचारतात, "मी इथे झोपलो तर तुमची अडचण होणार नाही ना?"

मी तुला लिहायला बसले होते की बाईंना हो सांग. माझेच शब्द, सायकल सुटली की कारण उरत नाही. अर्धं पत्र झालं होतं. नानांना काय, हेही परकं घर आणि तेही परकंच. निदान तू तरी जवळ असशील. आणि मी दमलेय, ताई. हे मी आजवर कुणाला म्हटलं नाही.

परवा दुपारी नावाडीकाकांच्या घरच्या काकू विणकाम घेऊन बसायला आल्या. मी म्हटलं, जरा तळ्याला फेरी मारून येते, डोकं मोकळं होईल. नानांचीच सायकल काढली. गंजू नये म्हणून, असं काकूंना सांगितलं. पाइनची पानं गळून खडीवर पडली होती, चाकाचा आवाज येत नव्हता. सबंध वाटेवर कुणी नाही. मी पत्र कसं पुरं करायचं त्याचाच विचार करत होते. टाकीच्या वळणावर आले आणि अंगठ्याने आपोआप घंटी वाजवली. दोनदा. सवयीने.

फाटकाशी आले तर काकू दारात, सुया तशाच हातात. म्हणाल्या, "अगं, घंटी ऐकली आणि ताडकन उठले. मला म्हणाले, सरका."

नाना शेगडीपाशी उभे होते. किटली ठेवली होती, आत पाणी नव्हतं, गॅस पेटवलेला नव्हता. तीन कप काढून ठेवले होते. मला बघून म्हणाले, "या, बसा. माझी धाकटी येतेय. आत्ताच टाकीपाशी आली."

मला खुर्ची दिली. स्वतः उभे राहिले, फाटकाकडे बघत.

मी बसले. त्यांची पाठ होती तेवढ्यात किटलीत पाणी ओतलं, गॅस लावला. काकूंना काही समजावून सांगावं लागलं नाही. आम्ही तिघांनी धाकटीची वाट बघितली. चहा झाला तेव्हा नानांनी आपला कप काकूंना दिला, एक मला दिला आणि तिसऱ्यावर बशी झाकून ठेवली. म्हणाले, "तिला गारठ्यातून आल्या आल्या लागतो." स्वतःसाठी घेतलाच नाही. मग खुर्चीत टेकले आणि तिथेच झोपले. टोपी डोक्यावर, ताई. मांडीवर नाही. आपल्या घरात बसावं तसे.

काकू गेल्यावर मी बशी उचलली. चहा पार गार झाला होता. माझ्यासाठीच ठेवला होता, प्यायले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम फेरी मारली. दोनदा वाजवली. ते पुन्हा उठले. आजही.

तेव्हा बाईंना सांग, जागा दुसऱ्या कुणाला द्या. नाना आता वाट बघतात. मला बघून ओळखत नाहीत, पुढेही ओळखणार नाहीत बहुधा, पण मी यायचीय एवढं त्यांना कळतं. तिथल्या कुलपामागे त्यांनी कुणाची घंटी ऐकायची?

पण मला एकटीला हे जमणार नाही. फेरीला जायचं तर घरात कुणीतरी हवं, आणि काकू रोज कुठून येणार. गणवेशाचे दिवस जानेवारीत लागतात ना? तोवर येऊन राहा. मशीन घेऊन ये, दुकानाच्या खिडकीपाशी उजेड चांगला आहे. भावजींना भांडी घासायची सवय होईल.

तुझी लाल सायकल मी भाड्याला देत नाही. धक्क्याजवळच्या बसथांब्यावरच्या वाण्याकडे नेऊन ठेवते, हवा भरलेली असेल. तिथून पाइनच्या बाजूने ये. हँडल सैल धर. आणि टाकीच्या वळणावर विसरू नकोस. ते कप काढून ठेवतील.

भिंगरी